पाण्यातलं सोडायचं, तेलातलं घ्यायचं

गोथेनबर्गमध्ये जुनी व्होल्वो बाळगणारा माणूस कधी ना कधी बोटींच्या भंगाराकडे वळतोच. इथे मोटारीचं आणि बोटीचं इंजिन पहिल्यापासून एकाच घरातलं. स्कोव्दे या गावी १९०७ साली पेंटा नावाचं बोटीचं इंजिन तयार झालं. १९२७ च्या एप्रिलमध्ये व्होल्वोची पहिली मोटार गोथेनबर्गच्या हिसिंगेन बेटावरून बाहेर पडली, तेव्हा तिच्यातलं इंजिनही स्कोव्देच्याच कारखान्याचं होतं. १९३५ मध्ये व्होल्वोने पेंटा कंपनीच विकत घेतली. त्यानंतर कितीतरी वर्षं तोच ब्लॉक मोटारीतही बसला आणि बोटीतही.

माझी मोटार १९७० ची ॲमेझॉन आहे, दोन दारांची. १९५६ ते १९७० या काळात सगळ्या प्रकारच्या ॲमेझॉन मिळून सुमारे ६ लाख ६७ हजार गाड्या झाल्या. माझी अगदी शेवटच्या खेपेतली. तिच्यात बी-२० हे इंजिन आहे. चार सिलिंडर, १९८६ सीसी, बिडाचा ब्लॉक, पाच मेन बेअरिंगं, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि तिथून पुशरॉडने वरचे व्हॉल्व्ह हलवायचे. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच; पिस्टनची धाव मात्र ८० मिलिमीटर. एकाच इंजिनात इंच आणि मिलिमीटर दोन्ही नांदतात. बोल्टही इंचातले, त्यामुळे पान्यांचे दोन संच जवळ ठेवावे लागतात.

बी-१८ हा याचा थोरला भाऊ. १९६५ ची पूर्व आफ्रिकन सफारी रॅली केनियाच्या जोगिंदर सिंग आणि जसवंत सिंग या भावांनी जिंकली, ती बी-१८ बसवलेल्या वापरलेल्या पीव्ही-५४४ गाडीत. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन या शिक्षकाने १९६६ च्या पी-१८०० गाडीवर तीस लाख मैलांच्या पुढे मजल मारली, तीही बी-१८ च्याच जोरावर. इंजिन एवढं चिवट असलं, तरी पन्नास वर्षांत पाच-सहा मालकांच्या हातून गेलेलं प्रत्येक इंजिन चिवट राहतंच असं नाही.

माझं राहिलं नव्हतं. निळा धूर येत होता, ऑइल भरायची टोपी काढली की आतून भपकारे यायचे. इंजिन उतरवून खोललं तेव्हा कळलं, की पूर्वी कुणीतरी ते बोअर करून शेवटच्या ओव्हरसाइझवर नेलेलं आहे आणि एका सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत. स्लीव्ह टाकता आली असती, पण क्रँकही ग्राइंडिंगच्या शेवटच्या मापावर पोचलेला. दोन्हीकडे पैसे घालण्यापेक्षा दुसरं इंजिन शोधणं शहाणपणाचं होतं.

हिसिंगेनवरच्या एका जुन्या शेडमध्ये आम्ही काही जण मिळून जागा भाड्याने घेतली आहे. माझ्या शेजारच्या खणात एक वृद्ध गृहस्थ काम करतात. व्होल्वोचा टोर्सलांडाचा कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला. त्यांनी आयुष्य तिथेच काढलं. मोटारीतलं बी-२० शोधतोय म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, "मोटारीतली चांगली इंजिनं कधीच संपली. बोटीतलं बघ. एक्यू-१३० मिळालं तर घे."

एक्यू म्हणजे ॲक्वामॅटिक. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पेंटाने ही रचना पहिल्यांदा दाखवली. कल्पना जिम विन या अमेरिकन इंजिनिअरची. इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या फळीला चिकटून बसतं, आणि पंखा फिरवणारा पाय फळीच्या बाहेर पाण्यात लोंबतो. पाय वळतो, त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. खडकाला लागला तर वर उचलला जातो. पुढे बोटीचं बी-१८ आणि बी-२० याच पायाला जोडून विकलं गेलं. आता त्या बोटी म्हाताऱ्या झाल्या. बाहेरचा पाय ॲल्युमिनियमचा, तो खाऱ्या पाण्यात झिजतो, आणि नवा घ्यायचा तर अख्ख्या बोटीपेक्षा महाग पडतो. मग लोक मागे टांगायचं नवं आउटबोर्ड मशीन लावतात किंवा बोटच मोडीत काढतात. आतलं इंजिन धडधाकट असूनही ते कुणाला नको असतं.

इथवर ऐकून मी रत्नागिरीला मामाला फोन लावला. मामा मिरकरवाड्याच्या जेटीवर इंजिनांची कामं करायचा. तिकडे उलटा व्यवहार. मासेमारीच्या लाँचमध्ये ट्रकची जुनी इंजिनं बसवायची, रेडिएटर आणि पंखा काढून समुद्राच्या पाण्याने गार करायची सोय करायची, मागे शाफ्ट जोडायचा. मोटारीचं इंजिन समुद्रात गेल्यावर त्याचं काय होतं, हे त्याने जन्मभर पाहिलेलं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, त्यात एवढा विचार कसला करतोस? पाण्याशी संबंध आला ते सगळं सोड. तेलात राहिलं ते घे. आमच्याकडे मरतं ते पाण्याच्या बाजूनंच."

मग त्याने पुढे विचारलं, "पाणी कुठलं? खारं की गोडं?"

स्वीडनमध्ये या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत. पश्चिम किनाऱ्यावर, बोहुसलेनच्या बाजूला, समुद्र खराखुरा खारट आहे. पूर्वेला बाल्टिकचं पाणी मचूळ. स्टॉकहोमच्या बेटांजवळ हजारात सहाएक भाग मीठ, म्हणजे उघड्या महासागराच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकं. आणि व्हेनर्न, मेलारेन ही मोठी सरोवरं गोड्या पाण्याची. एक्यू-१३० मधल्या कितीतरी इंजिनांना बाहेरचंच पाणी थेट ब्लॉकमधून फिरवून गार केलं जायचं. तेव्हा बोट कुठल्या पाण्यात होती, यावर ब्लॉकच्या आतली भिंत किती उरली असेल ते ठरतं.

मी व्हेनर्नकाठची बोट शोधली. व्हेनर्न हे रशियाबाहेरचं युरोपातलं सर्वांत मोठं सरोवर. पण तिथेही एक मेख आहे. ट्रोलहेटे कालव्याच्या ८२ किलोमीटरमध्ये सहा लॉक उतरून बोट सरळ गोथेनबर्गला आणि तिथून समुद्रात जाऊ शकते. मालक "सरोवरातली बोट" म्हणत असला, तरी दर जुलैची सुट्टी तिने बोहुसलेनमध्ये काढलेली असू शकते. शेजाऱ्यांनी युक्ती सांगितली: थर्मोस्टॅटचं घर उघडून आत बघ. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या इंजिनात तिथे पांढरट, कडक थर बसलेला असतो आणि धातूला खड्डे पडलेले असतात. मी पाहिलेल्या बोटीत तपकिरी गाळ होता, थर नव्हता. सौदा झाला.

थर्मोस्टॅटवरून आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. समुद्राचं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार भिंतींवर बसायला लागतात. म्हणून बाहेरच्या पाण्याने गार होणाऱ्या इंजिनात ६० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट घालतात. मोटारीत तो ८० च्या वर उघडतो. म्हणजे बोटीचं इंजिन जन्मभर कोमटच चालतं. कोमट इंजिनात पेट्रोल नीट उडून न जाता भिंतीवरून तेलात उतरतं, तेलात पाणी साठतं, काळा चिखल होतो आणि सिलिंडरची वरची कड लवकर झिजते. मामाचा नियम खरा, पण तेलाची बाजूही डोळे मिटून घेण्यासारखी नसते. तेल वेळेवर बदललं होतं की नाही, ते पाहावंच लागतं.

दुसरी बाजू भाराची. बोटी इथे मे महिन्यात पाण्यात उतरतात आणि ऑक्टोबरला वर येतात. एखाद्या कुटुंबाने उन्हाळ्यात चाळीस तास बोट चालवली, तर तीस वर्षांत बाराशे तास होतात. ताशी ६० च्या सरासरीने धरलं तर मोटारीचे ७२ हजार किलोमीटर. आकडा गोंडस दिसतो. पण बोटीचं इंजिन म्हणजे सतत आंबा घाट चढणारी एसटी. तिला उतार कधी लागतच नाही. पंख्याला लागणारी ताकद साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट केले तर ताकद आठपट हवी. मोटार सपाट रस्त्यावर ताकदीचा थोडाच हिस्सा वापरते. तरंगत धावणारी बोट तीन-चतुर्थांश थ्रॉटलवर तासभर जाते. त्यामुळे ते बाराशे तास हलके समजायचे नाहीत.

इंजिन शेडमध्ये आणून स्टँडवर चढवलं आणि खोलायला घेतलं. सगळ्यात आधी ब्लॉक, कारण नियमाचा खरा कस तिथेच लागतो. ब्लॉक पाण्यातही असतो आणि तेलातही. स्वीडनच्या हिवाळ्यात ब्लॉकमध्ये पाणी राहिलं तर ते गोठतं, गोठताना नऊ टक्के फुगतं आणि बीड तडकतं. म्हणून बोट वर काढली की ब्लॉकचे कॉक उघडून पाणी सोडायचं असतं. एखाद्या वर्षी कुणी विसरलं, की तडा बाहेरून दिसेलच असं नाही. तो टॅपेटच्या खोलगटात आतल्या अंगालाही असू शकतो. ब्लॉकच्या कडेला बसवलेल्या गोल टोप्या, ज्यांना इथे फ्रॉस्टप्लग म्हणतात, बोटीत पितळी असतात, मोटारीत पोलादी. त्या ठोकून काढल्या आणि भोकातून बारीक तारेने आतला गाळ खरवडला. मग ब्लॉक आणि हेड दोन्ही मशीनशॉपला दिली. तिथे पाण्याच्या वाटा बंद करून हवेचा दाब भरतात आणि सगळं गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते बघतात. बुडबुडे आले नाहीत. नव्या टोप्या मी पितळीच घातल्या. मोटारीतही त्या गंजत नाहीत.

बोअर मूळ मापावरच होता. झीज मोजली, ती चालण्याजोगी निघाली. एका सिलिंडरमध्ये गंजाचं फिकट कडं होतं. हिवाळाभर इंजिन उभं असताना ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, तिथे दमट हवा शिरते आणि रिंगांच्या उंचीवर गंज धरतो. नख फिरवून बघायचं: अडकलं तर बोअर करावं लागतं, नाही अडकलं तर होनिंगवर भागतं. नख अडकलं नाही. पिस्टन मोजून परत घेतले, रिंगा नव्या टाकल्या.

क्रँक हे या इंजिनाचं धन आहे. बी-२० चा क्रँक फोर्ज केलेला, घडीव पोलादाचा. बोटीतल्या क्रँकचे जर्नल आरशासारखे निघाले. फेरे एकसारखे, क्लचचे धक्के नाहीत, त्यामुळे थ्रस्ट बेअरिंगवरही झीज नव्हती. बेअरिंगचे शेल मात्र नवेच घालायचे; जुने कितीही चांगले दिसले तरी तो खर्च वाचवायचा नसतो. खरेदी करताना मागच्या टोकाला किती बोल्ट आहेत ते पाहिलं होतं. जुन्या बी-२० ला फ्लायव्हील सहा बोल्टनी बसतं, सत्तरच्या दशकाच्या मधल्या काळापासून आठ बोल्टनी. माझ्या गाडीचं फ्लायव्हील सहाचं, आणि बोटीचा क्रँकही सहाचाच निघाला.

क्लच बोटीच्या इंजिनाला नसतोच. पुढे-मागे जाण्याची सोय बाहेरच्या पायात असते, तिथे शंकूच्या आकाराचा क्लच असतो. इंजिनाच्या मागे रबरी कपलिंग आणि त्यासाठीचं वेगळं फ्लायव्हील. ते मोटारीच्या काही कामाचं नाही. क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक धरणारं छोटं बेअरिंगही तिथे नव्हतं, कारण धरायला काही नव्हतं. ते नवं बसवलं. असली लहानशी वस्तू विसरली तर गिअरबॉक्स जोडून झाल्यावर कळतं आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. आमच्या यादीत ती लाल पेनाने लिहिलेली होती.

कॅमशाफ्टबद्दल शेजारी आणि मी बराच वेळ बोललो. बोटीचा कॅम पंख्याच्या भारासाठी काढलेला असतो. त्याला रस्त्यावरच्या गर्दीत रांगत चालायचं नसतं. मधल्या आणि वरच्या फेऱ्यांत दम हवा असतो. कॅमच्या टोकावर अक्षर ठोकलेलं असतं, त्यावरून नमुना कळतो. पण पन्नास वर्षांत कुणी काय बदललं असेल, याचा भरवसा अक्षर देत नाही. आम्ही टॅपेटवर डायल गेज लावून प्रत्येक लोब मोजला. आठही सारखे निघाले. टॅपेटचे तळ तपासायला सोपी पद्धत आहे: दोन टॅपेट तळाला तळ लावून धरायचे. नवा तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळे ते एकमेकांवर जरासे डोलतात. आत गेलेला असेल तर कडा टेकतात आणि डोलणं होत नाही. आमचे डोलत होते. ते पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने लावून ठेवले, कारण टॅपेट ज्या लोबवर घासून बसला त्याच लोबवर परत गेला पाहिजे. अदलाबदल झाली तर दोघंही थोड्या दिवसांत खलास.

टायमिंग गिअरचीही तऱ्हा अशीच. मोटारीतल्या बी-२० ला कॅमवर फायबरचं दातेरी चाक असतं. ते शांत चालतं, पण म्हातारपणी दात सोडतं आणि गाडी जागच्या जागी थांबते. या बोटीच्या इंजिनात कुणीतरी धातूचं बसवलेलं होतं. थोडं गाणं म्हणतं, पण दात शाबूत. ते घेतलं.

म्हणजे तेलातलं जवळजवळ सगळं आलं: क्रँक, रॉड, पिस्टन, कॅम, टॅपेट, गिअर, ऑइल पंप. चेंबर मात्र बोटीचं चाललं नाही. बोट नाक वर करून धावते, लाटेवर आपटते, म्हणून तिच्या तेलाच्या चेंबरचा आकार वेगळा असतो. ॲमेझॉनमध्ये ते पुढच्या क्रॉसमेंबरवर आदळतं. मोटारीचं चेंबर, त्याचा तेल ओढणारा पाइप आणि त्याचीच डिपस्टिक, तिन्ही एकत्र घालायची. डिपस्टिक बोटीची आणि चेंबर मोटारीचं अशी सरमिसळ केली तर तेल खोटं दिसतं.

पाण्यातलं सगळं गेलं. ओतीव लोखंडाचं दुहेरी भिंतींचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ज्यातून पाणी फिरतं, ते एकट्याने उचलणंही जड. रबरी पात्यांचा समुद्रपाण्याचा पंप, त्याचे पाइप, थर्मोस्टॅटचं घर, सगळं बाजूला ठेवलं. हेड ठेवलं, पण खूप तपासून. गॅस्केटच्या आगीच्या कडीखाली सपाट धातू किती उरला आहे हे महत्त्वाचं; पाण्याच्या भोकांच्या कडा खाऊन त्या कडीपर्यंत पोचल्या असत्या तर हेड फेकून द्यावं लागलं असतं. अंतर पुरेसं होतं. हेडच्या आत एक लांब नळी असते, ती पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला नेऊन सोडते. बाहेरून दिसत नसल्याने ती तशीच राहून जाते. आमची चाळणी झालेली निघाली. ती बदलली नसती तर पाण्याचा काटा सरळ दिसला असता आणि व्हॉल्व्ह जळत राहिले असते.

हेड किती वेळा फेसिंगला गेलं आहे हे ठाऊक नव्हतं, पिस्टन बोटीचे. मग कॉम्प्रेशन कागदावरून मानून चालण्यासारखं नव्हतं. प्लगचं भोक वर करून, ब्युरेटने रंगीत पाणी सोडून प्रत्येक सिलिंडरची वरची जागा मोजली. गॅस्केट आणि पिस्टनच्या वरची फट धरून ५७ घनसेंटिमीटर आली. एका सिलिंडरचा फेरा ४९६.५. त्यात ५७ मिळवून ५७ ने भागलं की ९.७. स्वीडनमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ९८ मध्ये ते पाच टक्क्यांपर्यंतच असतं. ९.७ ला ९८ पुरतं, आणि जुन्या रबराच्या पडद्यांनाही तेच मानवतं. तरी पेट्रोलचे पाइप नव्या रबराचे टाकले.

आता उरलं ते ना पाण्यातलं, ना तेलातलं: कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, सेल्फ, डायनॅमो. मामाच्या नियमात यांना जागा नाही. इथे नियम पेट्रोलच्या वाफेचा. ही वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं, वाफ वाऱ्यावर जाते. बोटीचा तळ बंद. वाफ तिथे साठून राहते आणि एका ठिणगीने बोट उडते. म्हणून बोटीच्या सेल्फमधून ठिणगी बाहेर जाऊ नये अशी बांधणी असते. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल बोटीत न सांडता दुसऱ्या पडद्यामागे अडतं किंवा नळीने कार्ब्युरेटरकडे जातं. कार्ब्युरेटर ओसंडला तर पेट्रोल इंजिनाच्याच पोटात जाईल अशी त्याची रचना. हवेच्या तोंडावर फिल्टर नसतो. असते ती ज्वाळा अडवणारी जाळी. समुद्रावर धूळ नसते, त्यामुळे बोटीचं चालून जातं. रस्त्यावर ती जाळी लावून गाडी चालवली तर इंजिन माती खातं.

मी माझ्याच गाडीचे एसयूचे जोड कार्ब्युरेटर ठेवले. कॅम बदलल्यामुळे निडल बदलल्या. डिस्ट्रिब्युटरही मोटारीचाच. बोटीच्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची डबी नसते. सतत भारावर चालणाऱ्या इंजिनाला ती नकोच. मोटार मात्र बराच वेळ हलक्या पायावर चालते. तेव्हा व्हॅक्युमने टायमिंग पुढे सरकलं की पेट्रोल वाचतं आणि इंजिन गार राहतं. बोटीचा सेल्फ मोटारीत लावायला हरकत नव्हती, पण फ्लायव्हील मोटारीचं, त्याच्या रिंगचे दात सेल्फला जुळले पाहिजेत. जुळणारा माझ्याकडे होताच.

जोडणीचं काम सावकाश झालं. टॉर्क पाना शेजाऱ्यांनी मला एकट्याने वापरू दिला नाही. ते आकडा वाचायचे आणि मी ओढायचो, असं पहिल्याच बोल्टला ठरलं आणि तसंच चालू राहिलं. सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फवर इंजिन फिरवलं, ऑइलच्या काट्याने दाब दाखवेपर्यंत. मग प्लग लावले. इंजिन लगेच पकडलं. कॅम आणि टॅपेट जुने असले तरी सगळं धुऊन-पुसून पुन्हा बसवलं होतं, म्हणून आयडलवर न ठेवता दोन हजारांच्या वर वीसेक मिनिटं चालवलं. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, सपाट टॅपेटसाठीचं.

रस्त्यावर फरक कळला तो चढावर. आयडल पूर्वीपेक्षा जरा खडबडीत, सिग्नलला गाडी हलकी थरथरते. पण तिसऱ्यात २५०० फेऱ्यांपासून पुढे जो दम आहे, तो आधी नव्हता. बोहुसलेनचा रस्ता खडकांमधून वरखाली जातो. तिथे चौथ्यात ओव्हरड्राइव्ह टाकून चढ घेता येतो. पंख्याच्या ओझ्यासाठी काढलेला कॅम डोंगराच्या रस्त्यावर असा उपयोगी पडतो. शहरात मात्र मी त्याची शिफारस करणार नाही. ज्याला गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे, त्याने बोटीचा क्रँक आणि ब्लॉक घ्यावा आणि कॅम मोटारीचा घालावा.

पाण्याच्या बाजूचं जे काढलं होतं, ते व्हेनर्नवरच्याच एका बोटवाल्याने नेलं. जाताना त्याची नजर मोटारीच्या एका जादा सेल्फवर आणि जुन्या पेट्रोल पंपावर गेली. "हेही देशील? इंजिन तर तेच आहे," तो म्हणाला. भोकं जुळली असती, बोल्टही जुळले असते. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं: मोटारीचा सेल्फ ठिणगी बाहेर सोडतो, मोटारीच्या पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल खाली सांडतं, आणि त्याच्या बोटीला खाली सांडायला रस्ता नाही. बोटीतली वस्तू मोटारीत आणताना फार तर इंजिन खडबडीत चालेल. मोटारीतली बोटीत नेताना माणसं जळू शकतात. त्याने वाद घातला नाही, पण त्याला पटलं असंही दिसलं नाही. शेवटी शेजाऱ्यांनी दोन्ही वस्तू उचलून भंगाराच्या पिंपात टाकल्या आणि म्हणाले, "आता विचारायला काही उरलं नाही."